वाटीचा काठ

"म्हणजे उतरू नको म्हणता?"

"मी कुठं काय म्हणालो?"

"मग उतरू म्हणता?"

"तेही नाही म्हणालो, बेटा."

विश्वजित उंबरकरनं कपाळावर हात मारून घेतला. मला हसू आलं, पण ते मी मिशीतच ठेवलं. दाऊदसरांकडून हो किंवा नाही काढणं सोपं नाही. मी अख्खी हयात त्यांच्यासोबत काढली आहे, मला विचारा.

मी लिंबाजी. सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे तेव्हा मी त्यांच्या प्रयोगशाळेत होतो, दगड पुसून मांडायला आणि पोरांवर डाफरायला. दोघंही निवृत्त झालो. सर या माळावर दर्ग्यामागच्या दोन खोल्यांत राहायला आले आणि त्यांच्या मागोमाग मी आलो. घरच्यांनी विचारलं, तू कशाला चाललास? म्हणालो, सरांना चहा करता येत नाही. खरं कारण सांगितलं असतं तर हसले असते. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे खरं कारण.

खालच्या गावात त्यांना फकीरसर म्हणतात. त्यांच्या हातात कटोरा नाही की मोरपिसांचा झाडू नाही, पण मोठमोठी शिकलेली माणसं धापा टाकत माळ चढून येतात, दगड नाहीतर फोटो पुढ्यात ठेवतात, घटकाभर बसतात आणि गप्प होऊन उतरतात. गावाला दुसरं काय वाटणार?

विश्वजित त्यातलाच. अकरावी-बारावीला आमच्याकडे होता. डोकं तल्लख, मान ताठ. पुढे इंजिनिअर झाला, आणि आता चंद्रावर फिरणारी एक गाडी त्याच्या हाताखाली आहे. जेवणाच्या टेबलाएवढी गाडी, सहा चाकांची, उन्हावर चालणारी. इथून हुकूम सोडायचा आणि तिथं चाक फिरतं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

पण तो बूट घालून ओसरीवर चढला होता, हेही मी विसरलो नव्हतो. मी खाकरलो तेव्हा कुठं काढले.

"सर, संध्याकाळी सात वाजता सगळे फोनवर येणार आहेत," विश्वजित म्हणाला. "आज ठरलंच पाहिजे. तुम्ही फक्त एकदा 'उतर' म्हणा. पुढचं मी बघतो."

"माझ्या म्हणण्यानं काय होतं?"

"वसुधा गप्प बसते."

वसुधा चिंचोलीकर म्हणजे त्या गाडीवरची दगडांची जाणकार. तीही सरांचीच विद्यार्थिनी, त्याच्याच वर्गातली. तिच्या हाताखालची दोघं, तीही आमचीच. सरांनी हो म्हटलं की त्या तिघांची तोंडं बंद होणार होती. तेवढ्यासाठी हा पठ्ठ्या रात्रभर प्रवास करून आला होता.

"ती काय म्हणते?" सरांनी विचारलं.

"काठावरच थांबू म्हणते."

"का?"

"सांगत होती काहीतरी... मी ऐकून घेतलं नाही."

"का?"

"घाबरलेल्या माणसाची कारणं कशाला ऐकायची, सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ओतायला घेतला.

विश्वजितनं पिशवीतून एक गुंडाळी काढली आणि ओसरीवर पसरली. केवढा तरी मोठा फोटो. चारी कोपऱ्यांवर सरांनीच चार दगड ठेवले. आमच्याकडे दगडांना तोटा नाही.

फोटोत एक गोल खड्डा होता.

"हीच ती," विश्वजित म्हणाला. "आम्ही वाटी म्हणतो हिला. वरून दगड येऊन आदळला त्याची खूण. दोनशे मीटर रुंद, चाळीस मीटर खोल."

"आणि हिला तुम्ही वाटी म्हणता?" मी विचारलं. आमचं अख्खं गाव त्यात बसलं असतं.

"चंद्राच्या मानानं चिल्लर आहे, लिंबाजीमामा. अशा लाखो आहेत."

"लाखो असतील," सर म्हणाले. "ही एकच आहे."

मग ते गुडघ्यांवर आले, खिशातून भिंग काढलं आणि फोटोवर ओणवे झाले. आणि झालं. सर गेले. चहा निवला. विश्वजितनं घड्याळ पाहिलं, परत पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बस.

"सुभानल्ला..." सर पुटपुटले.

विश्वजित पुढे सरकला.

"काय देखणी आहे रे! लिंबाजी, इकडं ये. हा काठ बघ. कसा उठलाय, बघ. जमिनीपेक्षा वर. आणि हे पांढरे पट्टे, चहूकडं फुटलेले. दगड आदळला त्या क्षणी जे उडालं ते अजून तिथंच आहे. वारा नाही हलवायला, पाऊस नाही धुवायला. आपण अंगणात थुंकलो तर संध्याकाळपर्यंत खूण राहत नाही. आणि हिला लाखो वर्षं झाली, तरी कालची वाटते."

मी वाकून पाहिलं. खरं सांगतो, आधी मला तो नुसता खड्डा दिसला होता. सरांचं बोट फिरत गेलं तसतसं त्यात काहीबाही दिसायला लागलं. भिंतीवरून खाली ओघळलेल्या काळ्या-पांढऱ्या रेघा. एका बाजूला भिंतीतून बाहेर आलेली खडकाची कड. काठावर विखुरलेले धोंडे, आणि प्रत्येक धोंड्याची लांब सावली. सरांचे डोळे भरून आले होते. सत्तरी उलटली, हजारो दगड हातांखालून गेले, आणि हा माणूस एका खड्ड्याचा फोटो बघून रडतो! मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो असतो तर ओरडले असते.

"आणि हे?" सरांनी भिंग एका जागी धरलं. "या दोन बारीक रेघा?"

"ती माझ्या गाडीची चाकं, सर."

सरांनी त्या रेघांवर बोट ठेवलं. हळूच, तान्ह्या पोराच्या गालावर ठेवावं तसं.

"तू उमटवल्यास या?"

"हो."

"शाब्बास, बेटा. फार मोठं काम केलंस."

ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं. विश्वजितची छाती फुगली. आधीच काय कमी होती! पण त्याचंही चूक नाही, सरांची शाब्बासकी आम्हांला वर्षावर्षात मिळायची नाही.

"म्हणून तर म्हणतो सर, उतरू द्या," तो म्हणाला. "गाडी कशासाठी गेली आहे? चंद्रावर काय हवा खायला गेली?"

"तिथं हवा कुठंय?"

"सर, थट्टा नको. वर सगळीकडे धूळ आहे. दगडांचा मार खाऊन झालेली धूळ. तिच्यात कशाची काय भेसळ झाली आहे कुणास ठाऊक. आम्हांला हवा आहे खालचा मूळ खडक. काळा, लाव्हाचा, आपल्या या माळासारखा. तो वाचला, म्हणजे यंत्रानं तपासला, की कळेल, चंद्रावर आग कधी वाहिली ते. खणायला गेलो तर गाडीचं गिरमिट हातभरच जातं. पण या वाटीनं फुकट चाळीस मीटर खणून ठेवलंय! तळाशी जायचं, गिरमिट लावायचं, संपलं."

"उतार?"

"उभ्या छपरासारखा."

"धूळ?"

"आहे. घसरते."

"ऊन?"

"चार-पाच दिवसांत तिथं सूर्य मावळेल. तळाशी सावली त्याच्या आधीच भरायला लागेल."

"सावलीत गाडी अडकली तर?"

"गोठते. मग... संपली."

"म्हणजे परत येणार नाही?"

"येईल. माझी गाडी आहे, सर."

"किती जणांनी बांधली?"

"पाचशे माणसं होती."

"तुझी गाडी."

विश्वजित एकदम उसळून म्हणाला, "काठावरून दगड कुणीही उचलेल! तळ गाठायला हिंमत लागते. तुम्हीच शिकवलंत ना, वरवरचं बघू नका, खोलात जा म्हणून?"

"शिकवलं खरं."

"मग?"

पूर्वेला तेरसेचा चंद्र वर आला होता, अजून ऊन होतं तरी पांढरा दिसत होता. सरांनी तिकडं हनुवटी उडवली.

"कुठं आहे ती वाटी?"

"तिथं. वरच्या कडेजवळ." विश्वजितचं बोट अचूक गेलं. त्याचा आवाज एकाएकी मऊ झाला. "रोज झोपण्याआधी एकदा बघतो, सर. दिसत तर काहीच नाही. पण बघतो."

तेव्हा पहिल्यांदा मला तो पोरगा बरा वाटला.

"फोटोत बघून सांग," सर म्हणाले. "मोठे धोंडे कुठं आहेत?"

"काठावर."

"लांब गेल्यावर?"

"बारीक होत जातात. मग खडी. मग नुसती धूळ."

"तळाशी?"

"सपाट आहे. धूळ आणि फुफाटा."

"कुठून आला?"

"भिंतींवरून घसरला असेल. या रेघा त्याच्याच आहेत."

"भिंतीवर कुठून?"

"वरून..." असं म्हणून विश्वजित अडखळला, पण माघार घेईना. "पण त्या धुळीखाली मूळ खडक असणारच ना!"

"किती खाली?"

"ते... माहीत नाही."

"गिरमिट किती जातं म्हणालास?"

"सर, खालचं खाली असतं! शेंबड्या पोरालाही कळतं हे. खोलातली वस्तू हवी तर खोलात जायचं. त्यात एवढं काय आहे?"

त्याचा आवाज चढला. सरांसमोर आवाज चढवलेला मला खपत नाही. मी उठणार होतो, इतक्यात सर म्हणाले, "लिंबाजी, परात आण."

"कोणती?"

"मोठी. आणि तांदळाचं पीठ."

"पापड्यांचं आहे ते."

"आण तर."

आणलं. सरांनी परातीत चार बोटं पीठ भरलं आणि तळव्यानं सारखं केलं. मग हळद मागितली. म्हटलं घ्या, आता हळद. ती त्यांनी पिठावर पसरली, पीठ झाकेपर्यंत. मग म्हणाले, तिखट.

"सर, तिखट नको. कालच डंकावरून कुटून आणलंय. चुलीतली राख आणतो."

"तिखट बरं दिसतं."

काय बोलणार? डबा दिला. हळदीवर त्यांनी तिखटाचा एक पातळ थर भुरभुरवला. लालभडक परात तयार झाली. खाली पांढरं, मधे पिवळं, वर लाल. दिसत होतं फक्त लाल.

"विश्वजित, वाकून बघ. जवळून."

विश्वजित वाकला. शिकलेली माणसं जवळून बघ म्हटलं की लगेच वाकतात.

सर उभे राहिले. फोटोच्या कोपऱ्यावरचा एक गोटा त्यांनी उचलला, हात डोक्यावर नेला आणि सगळा जोर लावून परातीत हाणला.

फट्!

"आई गं!"

विश्वजित दोन्ही हातांनी डोळे धरून मागे उलथला. मला ठसका लागला. दर्ग्याच्या पायरीवर निजलेलं मांजर पळालं. मी त्याला धरून रांजणाकडे नेलं, डोळ्यांवर पाणी मारलं, परत मारलं, दूध आणून पट्टी ठेवली. तो पाय आपटत होता. मी सरांना म्हणालो, "अहो, पोराचे डोळे जातील!"

सर परातीपाशी बसले होते. त्यांनी विचारलं, "डोळ्यांत काय गेलं?"

"तिखट, सर! आणखी काय जाणार!"

"पीठ गेलं?"

"...नाही."

"हळद?"

"नाही! तिखट!"

"परातीत तिखट कुठं होतं?"

"वर."

"जाड थर होता?"

"नाही. पातळ... अगदी नावाला."

"आणि सगळ्यांत लांब कोण उडालं?"

विश्वजितचे पाय थांबले. दुधाची पट्टी डोळ्यांवर तशीच होती. मीही शिंक दाबून धरली.

सरांनी तिखट मुद्दाम घेतलं, की हाताशी होतं म्हणून घेतलं? हे मी त्यांना पुढं एकदा विचारलं होतं. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. कान चांगले आहेत त्यांचे.

"डोळे उघडताहेत?"

"उघडताहेत."

"मग ये. आता काठ बघ."

तो आला. डोळे लालबुंद, नाक वाहतंय, बाह्या भिजलेल्या. गुडघ्यांवर बसला आणि परातीत पाहू लागला. मीही पाहिलं.

मधे खड्डा पडला होता आणि त्याच्याभोवती काठ उठला होता. लाल परातीत तो काठ दुधासारखा पांढरा होता.

"हे पांढरं कुठं होतं?" सरांनी विचारलं.

"तळाशी."

"आता कुठं आहे?"

"वर... काठावर."

"त्याच्या खाली?"

विश्वजितनं करंगळीनं काठ जरासा उकरला. पांढऱ्याखाली पिवळं निघालं. पिवळ्याखाली लाल. गोधडीची कड उलटून घालावी, तसे सगळे थर उलटे पडले होते.

"उलटं झालंय," तो म्हणाला. "सगळं उलटं झालंय, सर."

सरांनी खड्ड्यातला गोटा अलगद उचलून बाजूला ठेवला. मग परातीला कडेनं एक टिचकी मारली. आणखी एक मारली. भिंती सुटल्या आणि लाल-पिवळं सगळं ओघळून तळाशी जमलं.

"आता तळाशी काय आहे?"

"तिखट." विश्वजित तळाकडे बघत म्हणाला. "तळाशी वरचंच येऊन पडलंय."

"मग तळ गाठून तू काय वाचणार?"

विश्वजित फोटोकडे वळला. भिंग त्यानं मागितलं नाही, उचललंच. काठावरून हळूहळू बोट फिरवत गेला आणि गाडीच्या दोन बारीक रेघा जिथं संपतात तिथं थांबला. त्या रेघांच्या टोकाशी एक मोठा धोंडा होता, घराएवढा. त्याच्यावर लाल शाईनं फुली मारलेली होती. मघाशी ती मला दिसली होती, पण मला वाटलं असेल त्यांची काही खूण.

"ही फुली कसली?" मी विचारलं.

"अडथळा," विश्वजित म्हणाला. "मीच मारली आहे. गाडी या दगडाला लागूनच उभी आहे, मामा. परवापासून. वळसा घालून पुढं कसं जायचं, एवढाच विचार करतोय आम्ही..." त्यानं फुलीवर बोट ठेवलं. "खालून आलेला आहे हा. पार खालून. आणि आमच्या दारात उभा आहे. वसुधा म्हणत होती, याला वाचू. मी म्हणालो, वाटेतून बाजूला हो."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिखटाचं किती आणि बाकीचं किती, मी मोजायला गेलो नाही. उठून त्याच्यासाठी गुळाचा खडा आणला. त्यानं तो मुकाट्यानं तोंडात टाकला.

सर परातीकडेच बघत होते. लहान पोरासारखे, कौतुकानं. स्वतःच पाडलेल्या खड्ड्याचं एवढं कौतुक मी कुणाला करताना पाहिलं नाही.

"बघ ना," ते म्हणाले. "आपण आयुष्यभर खणत राहतो. हिनं एका दणक्यात आतलं सगळं काठावर आणून ठेवलं. ज्याला हवं त्यानं घ्यावं."

तेवढ्यात फोन वाजला.

फोन ओसरीवर थरथरत होता. विश्वजित त्याच्याकडे बघत राहिला, हात पुढं करेना.

"उचल," मी म्हणालो.

"काय सांगू?" तो सरांना म्हणाला. "सगळ्यांसमोर बोललोय, सर. पाचशे माणसांसमोर. काठावर भित्रे थांबतात म्हणालो. वसुधाला सरळ तोंडावर म्हणालो. आता... हसतील सगळे. परत कोण माझं ऐकेल?"

फोन वाजून बंद झाला. माळावर वारा सुटला होता आणि दर्ग्यावरची चादर फडफडत होती. मला वाटलं, संपलं. हा आता उठेल, बूट घालेल, खाली जाऊन उतरा म्हणून सांगेल. माणूस एकदा चारचौघांत बोलून बसला की खड्ड्यात उतरायला तयार होतो, पण शब्द मागं घेत नाही. मी असे किती पाहिलेत. गाडी जाणार, आणि त्या पाचशे जणांची मेहनत मातीत मिळणार. मी कुठला कोण, त्या गाडीशी माझा संबंध काय, पण चुटपुट लागली.

फोन पुन्हा वाजला.

विश्वजितनं उचलला.

"वसुधा... हो, ऐक. आधी मी बोलतो. सगळे आहेत ना तिथं? आवाज सगळ्यांना जाऊ दे." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "आपण उतरत नाही आहोत. काठावरच थांबू. गाडीशेजारी तो धोंडा आहे ना, मी फुली मारलेला... तोच वाचायचा. आजच सुरू करा. ऊन आहे तोवर जितका होईल तितका वाचा... नाही, गाडी ठीक आहे. मी ठीक आहे. माझं चुकलं होतं. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. भित्रे म्हणालो होतो, तेही परत घेतो."

पलीकडे एकदम गलका झाला. ओसरीवरून मलाही ऐकू आला. हसणं नव्हतं ते. टाळ्या होत्या की काय, की सगळे एकदमच बोलायला लागले होते, ते कळलं नाही. विश्वजितनं फोन जरा कानापासून लांब धरला. त्याची मान खाली होती, पण चेहरा उजळला होता. तिखटानं सुजलेला तो चेहरा मला मघापेक्षा किती तरी देखणा वाटला.

मग त्यानं फोनवर तळहात ठेवला.

"सर, ती विचारतेय, कुणी सांगितलं म्हणून. म्हणते, तू सरांकडे गेला होतास ना?" त्यानं सरांकडे पाहिलं. "काय सांगू? तुमचं नाव सांगू?"

सरांनी परातीशेजारचा गोटा उचलला. त्याला लागलेलं पीठ-तिखट फुंकून टाकलं आणि कुंपणाच्या भिंतीवरून माळावर भिरकावून दिला. माळावर तसले लाखो आहेत. कुठं पडला, दिसलंही नाही.

"बेटा, ही तुमची वाटी ज्या दगडानं पाडली, तो दगड कुठाय आता?"

"तो... तो उरत नाही, सर. आदळला की त्याची वाफ होऊन जाते."

"मग झालं तर."